बॅनर माझ्या पाठीमागे होता

माझा धंदा

सोमवार ते शुक्रवार मी कल्याणच्या एका शाळेच्या कार्यालयात शाळा सोडल्याचे दाखले लिहितो. शनिवार-रविवार मी राजा असतो.

मोहने-आंबिवलीच्या बाजूला दिवाळी सरली की टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. गावोगावी मैदानं आखली जातात, मांडव घालतात, आणि मांडवात माइक घेऊन मी उभा राहतो. समालोचक. लोकांना वाटतं माझं काम खेळ सांगायचं. खेळ काय, सगळ्यांना दिसतोच. माझं खरं काम नावं घ्यायचं. मैदानाच्या कडेला पांढरी गाडी थांबली की आतला माणूस कोण, वडील कोण, गाव कुठलं, गेल्या वर्षी त्याने टोप्या दिल्या की पाण्याच्या बाटल्या, हे सगळं गाडीचं दार उघडायच्या आत माझ्या ओठांवर आलेलं असतं. एखाद्याचं नाव राहिलं तर तो भांडत नाही. पुढच्या वर्षी येत नाही, इतकंच.

तीस वर्षं मी एकही नाव चुकवलं नाही. चिठ्ठी कधी वापरली नाही. मोहन्याच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलो, तिथल्या मैदानावर पहिल्यांदा माइक धरला, आणि तेव्हापासून लोक मला विलास म्हणायचे ते विलासदादा म्हणू लागले. ही फुशारकी आहे, कबूल. पण फुशारकी सांगितल्याशिवाय पडणं किती उंचावरून झालं ते कळायचं नाही.

गळा ठाण्यात

सुरुवात गळ्यापासून झाली. आवाज घोगरा झाला. आधी मला तो आवडला, भारदस्त वाटायचा. मग थंडी वाजायला लागली, तीही मे महिन्यात. वजन वाढलं, आणि दाखले लिहिता लिहिता टेबलावर डोकं टेकून झोप लागायला लागली. शाळेत तपासणीचं शिबिर होतं, त्यात रक्त दिलं. रिपोर्टात थायरॉइड निघालं.

मी तो कागद घडी करून खिशात टाकला, कारण थायरॉइड आमच्या घरात आधीच होतं. माझ्या बायकोला, मंगलला. तिच्या दोन्ही बहिणींना. तिच्या भिशीतल्या अर्ध्या बायकांना. आमच्या मैदानावर सगळ्या पुरुषांचं पक्कं मत होतं की हा बायकांचा आजार, आणि ते मत माइकवरून पसरवणारा मीच होतो. कुणी झेल सोडला की मी म्हणायचो, "आज गोळी घ्यायची राहिली वाटतं वहिनींची." मैदान हसायचं.

आता मी कुणाला सांगणार?

कल्याणात माझा आवाज ओळखीचा. म्हणून डॉक्टर शोधला तो ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोजवळ. वयस्कर गृहस्थ, मोजकं बोलणारे. म्हणाले, "तुमचं शरीर तुमच्याच ग्रंथीवर उलटलंय. तिला परकी समजून मारतंय. गोळी आयुष्यभर. सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. अर्धा-पाऊण तास चहा नाही."

गोळ्यांचं पाकीट मी माझ्या माइकच्या पेटीत ठेवलं. आत स्पंजाचा थर असतो, त्याखाली. रोज सकाळी मी पेटी उघडायचो, गोळी घ्यायचो, पेटी बंद. मंगल म्हणायची, "देवाला नमस्कार नाही करत, पण माइकला मात्र रोज हळदीकुंकू." मी हसून घ्यायचो. नियम मात्र एकही मोडला नाही. चहासाठी जीव जायचा तरी पाऊण तास थांबायचो.

पोट मोहन्यात

वर्षभराने पोट बिघडलं. दोन घास खाल्ले की पाच पोळ्या खाल्ल्यासारखं भरून यायचं. गॅस, मळमळ, छातीत काहीतरी तरंगत राहिल्यासारखं. मोहन्यातल्या आमच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची कॅप्सूल दिली. दोन आठवडे घ्या म्हणाले. मी ती पाच वर्षं घेतली.

आता इथे एक गोष्ट नीट सांगतो, कारण हे लिहिण्याचं खरं कारण तीच आहे. आमच्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलला कुणी औषध समजत नाही. मैदानावर बिर्याणीचा डबा उघडला की एक जण कॅप्सूलचं पाकीट काढतो आणि बडीशेप फिरवावी तसं फिरवतो. "घे रे, आधी घे, मग खा." त्यामुळे ठाण्याच्या डॉक्टरांनी "दुसरं काही औषध चालू आहे का?" असं विचारलं की मी छातीवर हात ठेवून सांगायचो, "नाही." मला ते खोटं वाटतच नव्हतं.

मोहन्यातल्या डॉक्टरांना थायरॉइडबद्दल सांगितलं नाही, ते मात्र समजून उमजून. त्यांचा कंपाउंडर आमच्या मैदानावर पंच असतो.

म्हणजे माझा गळा ठाण्याला आणि पोट मोहन्याला. दोन फायली. मध्ये मी, दोघांनाही हसवणारा. ठाण्याचे डॉक्टर दर वेळी रिपोर्ट बघायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि गोळीची ताकद वाढवायचे.

"गोळी घेता ना रोज?"

"घेतो."

"रिकाम्या पोटी?"

"देवाशपथ."

"मग जाते कुठे?" ते स्वतःशीच म्हणाले. मला वाटलं, त्यांना मी खोटारडा वाटतोय. पण त्या एका बाबतीत तरी मी नव्हतो.

चप्पल

एकदा आंबिवली स्टेशनचा पूल उतरून रिक्षापर्यंत आलो, तर रिक्षावाला माझ्या पायांकडे बघायला लागला. "दादा, एक चप्पल कुठंय?" डाव्या पायात चप्पल नव्हती. ती पुलाच्या वरच्या पायरीवर राहिली होती आणि मला पत्ता नव्हता. तळव्याला काही लागतच नव्हतं, जणू पाय कापसात गुंडाळला होता. मी तो किस्सा मैदानावर रंगवून सांगितला. घरी जाऊन अंघोळीच्या मोरीत बसून तळवा चिमटत राहिलो.

चालताना झोक जायला लागला. जिभेची आग व्हायची. आणि मग नावं जायला लागली. पांढरी गाडी थांबायची, दार उघडायचं, ओळखीचा चेहरा बाहेर यायचा, आणि माझ्या डोक्यात पांढरा पडदा. मी वेळ मारून न्यायचो. "मैदानात आगमन झालंय आपल्या सर्वांच्या लाडक्या व्यक्तिमत्त्वाचं." बारा लाडकी व्यक्तिमत्त्वं झाली एका रविवारी. गुणलेखक हळूच म्हणाला, "विलासदादा, आज सगळ्यांवरच प्रेम आलंय तुला."

तो रविवार

नितेश चषक ही आमच्या भागातली मोठी स्पर्धा. नितेश हा बाळारामकाकांचा मुलगा. डावखुरा, उंच, चेंडू शेताच्या पार टोलवायचा. त्याचे पहिले षटकार मीच माइकवर ओरडून सांगितले होते. चोविसाव्या वर्षी त्याच्या मोटरसायकलला एका दारू प्यायलेल्या माणसाने गाडी ठोकली. तेव्हापासून दर वर्षी काका मुलाच्या नावाने स्पर्धा भरवतात. त्यांची एकच अट: मैदानात दारूचा वासही नको.

स्पर्धेची सुरुवात एक मिनिटाच्या शांततेने होते. त्याआधी त्याचं नाव मी घ्यायचं, हे ठरलेलं. सगळे उठून उभे राहिले. खेळाडूंनी टोप्या काढल्या. काका पहिल्या रांगेत, हात जोडून. मी म्हणालो, "ज्याच्या आठवणीत आपण आज जमलो आहोत, तो आपला..."

आणि नाव आलं नाही.

मी थांबलो. चेहरा डोळ्यांसमोर होता, बॅट धरायची पद्धत होती, हसताना दिसणारा पुढचा तुटका दातसुद्धा होता. नाव नव्हतं. माइकमधून फक्त माझा श्वास ऐकू येत होता, कर्ण्यातून, सगळ्या गावाला.

बॅनर माझ्या पाठीमागे होता. वीस फुटी. त्यावर त्याचं नाव माझ्या उंचीएवढ्या अक्षरात होतं. मी मागे वळलो आणि वाचलं. वळताना झोक गेला, टेबलाचा आधार घेतला. मग नाव उच्चारलं, तेही जड जिभेने.

सगळ्यांनी मला मागे वळताना पाहिलं. काकांनीही पाहिलं. शांतता संपल्यावर ते खाली बसले आणि दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारपर्यंत मैदानभर झालं होतं, विलासदादा पिऊन आलेला. नितेशच्या स्पर्धेला पिऊन आलेला.

घरी

मी न सांगता मंगलला कळलं. आमच्याकडे बातमी माझ्यापेक्षा वेगाने घरी पोचते. मी चपला काढल्या, तर ती दारातच.

"तोंड उघडा."

"मी प्यायलो नाही गं."

"ते माहीतय मला. तोंड उघडा म्हणते ना. जीभ काढा."

ती बराच वेळ बघत राहिली. माझी जीभ लालभडक आणि काचेसारखी गुळगुळीत झाली होती. एरवी ती माझ्या नाटकांना भुलत नाही, पण त्या दिवशी तिने माझी हनुवटी सोडली नाही.

"उद्या कल्याणला जायचं. पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे. मी येणार."

"शाळेत परीक्षा आहेत."

"परीक्षा मुलांच्या आहेत."

पाकीट

कल्याणच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. पायाला चिमटे काढले, जीभ बघितली, पोट दाबलं. मग लिहायला घेत विचारलं, "बाकी काही आजार? काही औषधं चालू?"

"नाही," मी म्हणालो. सवयीने.

मंगलने पर्स उघडली आणि माझ्या माइकच्या पेटीतलं पाकीट टेबलावर ठेवलं. शेजारी ॲसिडिटीच्या कॅप्सूलचं. शेजारी ठाण्याची फाइल. ती मी शाळेतल्या कपाटात ठेवली होती; शिपाईमामांकडून तिने मागवली होती.

खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

"तुला कधीपासून माहीतय?" मी तिला विचारलं.

"तीन वर्षं. माझी गोळी पंचवीसची. तुमची आधी पन्नासची होती, मग शंभरची, मग दीडशेची. दर वेळी पेटी उघडून बघायचे मी. वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. जगाला माइकवरून सांगतात, मला सांगतीलच की."

ती डॉक्टरांकडे बघत बोलत होती. माझ्याकडे बघून बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पाकिटं हातात घेतली. "काका, ही दोन औषधं एकाच माणसाची आहेत हे आज पहिल्यांदा कुणीतरी बघतंय का?"

मी मान डोलावली.

मैदान मीच

दुर्बिणीची तपासणी ठरली. उपाशीपोटी बोलावलं, घशात कडू फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं आणि दातांमध्ये प्लास्टिकची रिंग बसवली. तीस वर्षं माझ्या तोंडातून वायरीने आवाज बाहेर गेला होता. आता पहिल्यांदा वायर आत गेली. डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टरने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणत राहिली, "नाकाने श्वास घ्या, दादा. छान. अजून एक." तिचा तो हात मी विसरणार नाही. आणि हे वाक्य मी आता हिमतीने लिहू शकतो.

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघून सहायकाला हलक्या आवाजात सांगत होत्या. इथे अस्तर पातळ झालंय. इथून तुकडा घेऊ. इथून अजून एक. माझ्या पोटाचं समालोचन चालू होतं आणि मला एक शब्द मध्ये घालायची सोय नव्हती. मी मैदान झालो होतो.

तुकडे तपासणीला गेले. रिपोर्ट यायला आठ दिवस. मी आधी विचारलं नाही, दारापर्यंत गेलो आणि मग परत येऊन विचारलं, "कॅन्सर?"

"मला तसं दिसलं नाही. पण रिपोर्ट आल्यावरच बोलू." प्रामाणिक उत्तर होतं, आणि ते घेऊन आठ दिवस काढणं फार जड गेलं. मंगल माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलायची. मी विनोद केला की भांडी जोरात ठेवायची. चौथ्या दिवशी मी विनोद थांबवले. तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

निदानाचा दिवस

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाईंनी आम्ही बसायच्या आधीच सांगितलं. असे डॉक्टर सर्वांना मिळोत.

मग म्हणाल्या, "तुमचं शरीर जसं गळ्यातल्या ग्रंथीवर उलटलं, तसंच पोटाच्या अस्तरावरही उलटलंय. हे दोन्ही आजार पुष्कळदा जोडीने राहतात. अस्तर मेलं की आम्ल बनत नाही. आम्ल नसलं की थायरॉइडची गोळी नीट विरघळत नाही, लोह अंगी लागत नाही. आणि बी-ट्वेल्व्ह शोषून घ्यायला पोटाने जे द्यावं लागतं, तेही बनत नाही. तुमचं बी-ट्वेल्व्ह जवळपास संपलंय. पाय, जीभ, झोक, विसरणं, बरंचसं त्याचंच."

"पण मला तर ॲसिडिटी..."

"तुमच्या पोटात आम्ल जास्त नाहीये, काका. नसल्यासारखंच आहे. जे थोडंफार होतं, ते तुम्ही पाच वर्षं कॅप्सूल घेऊन बंद करत होता."

मला हसू आलं, आणि त्या हसण्याचंच रडू झालं. माझ्याच संघाचे क्षेत्ररक्षक माझ्याच फलंदाजाला धावबाद करत होते, आणि मी मांडवात बसून त्यांना टाळ्या वाजवत होतो.

"नावं परत येतील?" मी विचारलं. मला बाकी काही विचारायचं नव्हतं.

"बहुतेक. पाय किती सुधारतील ते आत्ता सांगता येणार नाही. उशीर झालाय थोडा."

ठाण्याच्या डॉक्टरांना मी सगळं जाऊन सांगितलं. त्यांनी नवी फाइल जुन्या फाइलवर ठेवली. "म्हणजे तुम्ही गोळी खरंच घेत होता," ते म्हणाले. मग दोन्ही फायली मिटत म्हणाले, "पोटाचं मीही खोदून विचारायला हवं होतं." त्यांच्याबद्दलचा माझा सगळा राग त्या एका वाक्यात उतरला.

लाल इंजेक्शन

कॅप्सूल बंद झाली. थायरॉइडची गोळी नव्याने मोजून ठरली. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन आधी रोज, मग आठवड्याला, आता महिन्याला. ते जन्मभर राहील. ते लाल असतं, कोकमाच्या सरबतासारखं. मोहन्यातच घेतो. देतो तो आमचा पंच कंपाउंडर. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "दादा, कशाचं हे?" मी बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "थायरॉइडचं नि पोटाचं. दोन्ही मलाच झालंय." बाकावरचा एक तरणा गडी नंतर माझ्यामागे रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "मलापण थायरॉइड निघालंय, कुणाला बोललो नाय." मी म्हटलं, "बायकोला तरी बोल. तिला माहीत असतं."

तिसऱ्या आठवड्यात सकाळी लादीचा गारवा तळव्याला लागला. मी मंगलला हाक मारून स्वयंपाकघरातून बोलावलं. ती घाबरून धावत आली. "लादी गार आहे," मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, आणि मग पदराने डोळे पुसले.

डावा पाय अजून पूर्ण परतलेला नाही. पोट आजही दोन घासांत भरतं कधी कधी. दर काही वर्षांनी दुर्बीण आत जाणार आहे, आणि प्रत्येक वेळी मी दारापर्यंत जाऊन परत येणार आहे.

काका

दोन्ही फायली घेऊन मी बाळारामकाकांकडे गेलो. मला फक्त सिद्ध करायचं होतं की मी प्यायलो नव्हतो. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी फायली पुढे केल्या, रिपोर्ट उघडले, बोटाने आकडे दाखवायला लागलो.

"ठेव ते," काका म्हणाले. "मना वाचता येतं कुठं."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बराच वेळ बोटाने खालीवर केलं आणि आवाज मोठा केला. कुठल्यातरी जुन्या स्पर्धेची चित्रफीत होती. चित्र हलत होतं, नीट काही दिसत नव्हतं. पण मागे माझा आवाज होता, जुना, सणसणीत: नितेश, नितेश, चेंडू गेला शेतात, शोधायला निघाले शेतकरी, नितेश.

"रोज सकाली ऐकतो," काका म्हणाले. "त्याचं नाव असं कोनीच घेत नाय. त्याच्या आईला पन आता घेवत नाय."

मी तिथेच अंगणात खाली बसलो.

"पिऊन आला असतास तरी एकदा माफ केला असता," ते म्हणाले. "पन तू मागं वललास ना, तवा वाटलं, याला पन इसर पडला. आता कोन उरला."

काकूंनी चहा आणला. काकांनी विचारलं, "चालतो ना?" मी सांगितलं, गोळीला पाऊण तास झालाय, चालतो.

या वर्षी

या वर्षी स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी मैदानावर गेलो, तर मांडवाच्या मागे नुसतं निळं कापड. बॅनर नव्हता. वाटलं, बॅनरच काढला, म्हणजे मलाही काढलं. बॅनर बांधणाऱ्यांनी पलीकडे बोट दाखवलं. मैदानाच्या समोरच्या टोकाला, बांबूंवर, तोंड माझ्या मांडवाकडे करून नितेशचं नाव उभं होतं.

"काकांनी सांगितलंय," ते म्हणाले. "म्हणाले, त्याला मागं वळायला लागता नये."

रविवारी सगळे उभे राहिले. टोप्या उतरल्या. काका पहिल्या रांगेत होते, आणि या वेळी बायकांच्या बाजूला मंगल होती. माझ्या खिशात चिठ्ठी होती, तळहातावर पेनाने लिहिलेलं होतं, समोर वीस फुटांचा बॅनर होता.

मी डोळे मिटले.

"नितेश," मी म्हणालो.